आधी पट्टा

फेब्रुवारीतली सकाळ होती. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला निघालेली आमची बोट तिवरांच्या कडेकडेने खाडीत बरीच आत आली होती. ओल्या चिखलाचा तो वास, जो ठाण्या-नव्या मुंबईत राहणाऱ्याला लोकलच्या दारातूनही ओळखता येतो, इथे थेट अंगावर येत होता. त्यात डिझेलचा धूर मिसळलेला. ऊन अजून कोवळं होतं, पण पाण्यावरून परत उसळून डोळ्यांत जात होतं. तेवढ्यात नाखव्याने इंजिन बंद केलं. पक्षी आले असं समजून सगळ्यांनी कॅमेरे वर केले. तो मात्र सुकाणू हाताखालच्या पोराकडे देऊन मधल्या बाकाशी आला आणि तिथे बसलेल्या सत्तरीच्या एका गृहस्थांना म्हणाला, "काका, आधी पट्टा लावा."

काकांच्या अंगात जॅकेट होतं. धक्क्यावर पट्टेही लावले होते, मीच पाहिलं होतं. बोट सुटल्यावर थोड्या वेळाने त्यांनी ते सोडले आणि जॅकेट नुसतं खांद्यांवर राहिलं, पुढून उघडं. "अरे बाबा, मी मालवणचा," काका म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून पोहतोय." त्यांचा आवाज हसरा होता. नाखवाही हसला. "पोहाल ना काका, कोण नाही म्हणतं? पण तुम्ही पडलात तर मला तुमच्या मागे उडी मारायला लागणार. मग ह्या बाकीच्यांची बोट कोणी सांभाळायची?" मागून कोणीतरी म्हणालं, चला हो, ओहोटी लागेल, पक्षी लांब जातील. नाखवा हलला नाही. बोट पाण्याबरोबर आडवी होत चालली होती. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. शेवटी शेजारी बसलेल्या काकूंनीच वाकून एकेक करत तिन्ही पट्टे लावले. टक, टक, टक. इतक्या शांततेत तो आवाज सगळ्या बोटीने ऐकला.

पुढे पक्षी दिसले, अगदी मनासारखे दिसले. चिखलाच्या पट्टीवर गुलाबी रेघ, मग ती रेघ जवळ येताना सुटी होत गेली, माना खाली घालून चिखल गाळत चाललेले लहान रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच. सगळी बोट हरखली. काका मात्र पूर्ण वेळ बुटांच्या टोकांकडे बघत बसले.

त्यांचा तो चेहरा माझ्या मनातून जाईना.

नाखव्याचं शंभर टक्के बरोबर होतं. तरीही त्या काकांसाठी माझ्या पोटात तुटलं, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं याचा विचार मी पुढे कितीतरी दिवस करत होते. कारण काकांच्या जागी माझे बाबा असते तर त्यांचाही चेहरा तसाच झाला असता. बाबा गुहागरकडचे, खाडीकाठच्या गावातले. नोकरीसाठी ठाण्याला आले, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आयुष्य गेलं, नौपाड्यातल्या चाळीतून घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये आलो. शेत गेलं, बोली बदलली, दातांनी काटे काढत मासे खायची सवयही गेली. पोहणं तेवढं त्यांच्याकडे राहिलं. भरतीला खाडी आरपार कशी केली, कोणाचं वासरू पाण्यातून ओढून आणलं, हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य आम्हीच सांगतो. गाव सोडून शहरात आलेल्या त्या पिढीतल्या पुरुषाला, सुनेसमोर आणि नातवंडांसमोर, तिशीतला परका पोरगा म्हणतो की पट्टा लावा. त्याला ते कसं ऐकू येत असेल, हे मला कळतं.

बाबा पोहायला शिकले विहिरीत, पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून. त्यांच्या आधीच्या पिढीत वाळलेले भोपळे बांधायचे, कुठे पांगाऱ्याचं हलकं लाकूड. काकाने किंवा थोरल्या भावाने कमरेला दोर बांधून वरून ढकलायचं, पोराने घाबरून हातपाय मारायचे, डब्याने त्याला वर ठेवायचं. त्यात कोणाला कधी कमीपणा वाटला नाही. पण मग एका उन्हाळ्यात डबा सुटायचा. डबा सुटला की पोरगा मोठा झाला, आता तो कठड्यावरून सूर मारणाऱ्यांच्यात गेला. आपल्याकडे पोहणं शिकण्याचा हाच क्रम आहे, आणि मला वाटतं काकांचा राग तिथूनच येतो. ज्याचा डबा साठ वर्षांपूर्वी सुटला, त्याला पुन्हा डबा बांधला. सगळ्या बोटीसमोर.

पण लाइफ जॅकेट म्हणजे शिकाऊ पोराचा डबा नव्हे. ते शिकाऊ आणि पोहणारा दोघांसाठी सारखंच आहे, कारण ते ज्या क्षणासाठी केलेलं असतं त्या क्षणी पोहता येणाराही पोहू शकत नसतो. बोट कलंडताना डोक्यावर बाक आदळतो. खांदा निखळतो. पाण्याखाली गेल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हेच समजत नाही. पायांत बूट, अंगात जीन्स, खिशात मोबाइल, गळ्यात कॅमेरा, आणि वय सत्तर. अशा वेळी माणसाला पाण्यावर ठेवायला खरं तर फार काही लागत नाही. आपलं शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतंच, फक्त डोकं पाण्याबाहेर राहत नाही. तेवढं राहण्यासाठी बहुतेक मोठ्या माणसांना साधारण तीन ते साडेपाच किलोंचा जास्तीचा आधार पुरतो. लाइफ जॅकेट तो देतं आणि वर थोडा राखूनही ठेवतं. जॅकेटवरच्या चिठ्ठीवर 50, 100, 150 असे न्यूटनचे आकडे असतात. 100 न्यूटन म्हणजे साधारण दहा किलोंचा आधार, आणि 50 चं जॅकेट हे काठाजवळ असणाऱ्या, पोहता येणाऱ्या माणसाला नुसता हातभार. चांगल्या लाइफ जॅकेटचा बहुतेक फुगवटा छातीवर आणि मानेमागे असतो तोही उगाच नाही. शुद्ध हरपलेला माणूस पालथा पडला असेल तर त्याला उताणं करून तोंड वर आणावं, यासाठी ती रचना असते. बेशुद्ध माणसाला पोहण्याची विद्या काय उपयोगाची?

आणि पट्टे. सगळं पट्ट्यांवर आहे. जॅकेट तरंगतं, माणूस जड असतो. पट्टे सुटे असले तर पाण्यात पडताक्षणी जॅकेट वर जातं, काखेतून, कानांवरून, डोक्यावरून, आणि माणूस त्यातून खाली निसटतो. किंवा ते तोंडासमोर येऊन अडकतं आणि श्वासच घेऊ देत नाही. काकांच्या खांद्यांवर जे होतं ते जॅकेट असून नसल्यासारखं होतं.

त्या दिवसानंतर मी एक गोष्ट करून पाहिली. आमच्या सोसायटीतल्या तरणतलावावर सकाळी शिकवायला येणाऱ्या बाईंना मी विचारलं, त्यांनी एक जॅकेट मिळवून दिलं, आणि त्या शेजारी उभ्या असताना मी खोल बाजूला जाऊन पाण्यात ते घालून पाहिलं. मला पोहता येतं, आणि चांगलं येतं. पाणी स्वच्छ, स्थिर, कोमट. तरीही ते काम भयंकर होतं. एक हात घालायला गेलं की जॅकेट दुसरीकडून उसळून वर येतं. दोन्ही हात जॅकेटमध्ये गुंतले की तरंगायला पायच उरतात, आणि पाय दमतात. हात एकदाचे आत गेले तरी पट्ट्याचं टोक हाताला लागत नाही, कारण ते पाठीमागे तरंगत असतं. बाई काठावरून सांगत होत्या, घाई करू नका, आधी जॅकेटला मिठी मारा. तसं केल्यावर जमलं. पण तेव्हा लाटा नव्हत्या, किंचाळणारी माणसं नव्हती, कोणी माझा पाय धरून ओढत नव्हतं. बोटीत बाकाखाली ठेवलेलं जॅकेट वेळ आली की घालू, हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं त्याने पाण्यात ते कधी घालून पाहिलं नसणार.

आणि वेळ आली आहे हे तरी कळतं का? न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिआने 1970च्या सुमाराला बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून अभ्यास केला. बुडणारा माणूस हात हलवून, ओरडून बोलावतो अशी आपली समजूत असते. त्याने दाखवलं की तसं क्वचितच होतं. तोंड पाण्याच्या रेषेवर खाली-वर होत असतं, श्वासच पुरत नाही तर हाक कुठून येणार? हात दोन्ही बाजूंनी आपोआप पाणी खाली दाबत असतात, ते उचलून हलवणं त्याच्या ताब्यातच नसतं. वीस सेकंद ते एक मिनिट, एवढ्यात माणूस खाली जातो. शेजारच्यांना ते खेळणं वाटू शकतं. बोटीतून पडलेल्याला आपण बघत असतो आणि तरी आपल्याला दिसत नसतं.

माझ्या आजोळी उशा सावरीच्या कापसाच्या असायच्या. चैत्र-वैशाखात बोंडं फुटली की अंगणभर तो कापूस उडायचा, नाकात जायचा, आजी ओरडायची. त्या उशा इतक्या हलक्या असायच्या की आम्ही त्या मारामारीला घेतल्या तरी कोणाला लागायचं नाही. मोठेपणी वाचलं की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभरच्या कितीतरी जहाजांवरची लाइफ जॅकेटं सावरीच्याच कापसाने भरत, आपली लाल फुलांची काटेसावर नव्हे, तिची बहीण पांढरी सावर. तिचा धागा आतून पोकळ असतो आणि वरून मेणचट, त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलतो. त्याच्याही आधी जॅकेटं बुचाची होती. इंग्लंडमधल्या व्हिटबी बंदरात फेब्रुवारी 1861च्या वादळात बुडत्या जहाजांवरच्या लोकांना वाचवायला गेलेली जीवरक्षक बोटच उलटली. त्या दिवशी त्यांनी आधी कितीतरी लोक काठावर आणले होते. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि नव्या धाटणीचं बुचाचं जॅकेट फक्त त्याच्या अंगावर होतं. बारा जण कोण होते? पाण्यावरच जन्म गेलेले दर्यावर्दी, वादळात माणसं काढणं हेच ज्यांचं काम. त्यांना पोहणं शिकवायची गरज नव्हती.

हे सांगताना मला दीडशे वर्षांमागे जायची खरं तर आवश्यकता नाही. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तलाव होता तो. शहराच्या मधोमध, बांधलेल्या काठांचा, संध्याकाळी लोक फिरायला येतात तसा. मी तळ्यांच्या शहरात वाढलेली बाई आहे. मासुंदा, उपवन, कचराळी ही नावं आमच्या रविवारांची नावं आहेत. ती बातमी वाचली तेव्हा धोक्याचं पाणी किती लांब असतं, या माझ्या डोक्यातल्या कल्पनेलाच धक्का बसला. त्याच वर्षी मे महिन्यात उजनी धरणाच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला आणि सहा जण गेले. आणि 18 डिसेंबरच्या दुपारी गेटवेहून घारापुरीला चाललेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीत ताबा सुटून धडकली. शंभराहून जास्त माणसं होती. दोन्ही बोटींतली मिळून 15 गेली. वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांनी सांगितलं की धडक बसेपर्यंत जॅकेट अंगावर नव्हतं. त्या बोटीतल्या प्रवाशांची काही चूक नव्हती, हवा छान होती, समुद्र शांत होता. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. ते आधी व्हायला हवं होतं, हे मी चिडून लिहितेय, आणि चिडण्यासारखंच आहे ते.

अमेरिकेचं कोस्ट गार्ड हौशी बोटींच्या अपघातांची दर वर्षी नोंद ठेवतं. बुडून मेलेल्यांतल्या दहापैकी आठांहून जास्त लोकांच्या अंगावर जॅकेट नसतं, हा हिशोब वर्षानुवर्षं फारसा हलत नाही. आणि त्यातले बहुतेक जण मोठ्या जहाजांवर नसतात. लहान बोटींवर असतात, जवळच्या पाण्यात, सुट्टीच्या दिवशी.

लहान बोट मला म्हणूनच जास्त काळजीची वाटते. ती आपल्याला ओळखीची वाटते. पाणी हात बुडवता येईल इतकं जवळ असतं, काठ दिसत असतो. पण बोट जितकी लहान, तितकं तिच्यात माणसांचं वजन हेच तिचं तोलाचं वजन. पक्षी डावीकडे दिसले की सगळे उभे राहून डावीकडे जातात. उभं राहिल्याने बोटीचा भार वर सरकतो, एका बाजूला गेल्याने ती कलते, आणि ती कलली म्हणून घाबरून सगळे एकदम उजवीकडे धावले की मग तिला सावरायला जागा राहत नाही. आमच्या नाखव्याने निघतानाच सांगितलं होतं, पक्षी मी दोन्ही बाजूंना दाखवीन, बोट फिरवीन, तुम्ही फिरू नका. त्याने तसंच केलं.

खाडीचं आणखी एक आहे, जे तळ्यात नाही. ठाण्याची खाडी भरती-ओहोटीवर श्वास घेते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याची चढ-उतार चार मीटरच्या वर जाते, आणि तेवढं पाणी तासाभरात नव्हे तरी सहा तासांत खाडीत शिरतं आणि निघून जातं. वरून संथ दिसणारं पाणी आतून चालू लागलेलं असतं. पडलेला माणूस पडला तिथे राहत नाही. गढूळ पाणी, राखाडी चिखल, तिवरांची हिरवी-काळी कड, यात डोकं म्हणजे एक ठिपका. जॅकेटचा तो भडक नारिंगी रंग फोटोत वाईट दिसतो अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, पण लांबून दिसणारं तेवढंच असतं. आणि पाणी कमी असेल, उभं राहू, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ओहोटीला तिवरांशेजारचा चिखल बघावा. निवटे, म्हणजे चिखलावर चालणारे छोटे मासे, त्यावरून सरसर पळतात. माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि परत येताना चप्पल तिथेच राहते. पाय रुतल्यावर भरती चढू लागली तर काय, याचा मी विचारही पूर्ण करत नाही.

परत धक्क्याला लागल्यावर मी नाखव्याशी थोडं बोलले. तो दिवाळे गावातला, घरची मासेमारी. मी विचारलं, मासेमारीला जाताना तुम्ही घालता का? "नाही ताई," तो म्हणाला, "जाळं ओढताना अडकतं. घामाने अंग सोलतं." मग थोडं थांबून म्हणाला, "तिथे मी माझ्या जिवावर जातो. इथे ही माणसं माझ्या भरवशावर बसलेली असतात." त्याच्या या बोलण्याचा मला फार आदर वाटला आणि ते मला अजिबात पटलंही नाही. त्याच्या जिवावर घरात किती जीव असतील. आता पातळ, गळ्याभोवती पट्टीसारखी बसणारी जॅकेटं निघाली आहेत. पाण्यात पडलं की आतली गॅसची नळी फुटून ती आपोआप फुगतात, तोवर हातांना अडचण नाही. महाग आहेत, नळी एकदा वापरली की बदलावी लागते, वरचेवर तपासावी लागते. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत मिरवणुका निघतात, कमानी लागतात, पुढारी येतात. त्या कमानींच्या पैशात अशी किती जॅकेटं येतील असं मला दर वर्षी वाटतं. मी त्याला हे बोलले. तो म्हणाला, द्या ना कोणीतरी, घालू.

जॅकेट न घालण्याची सगळी कारणं पोकळ नसतात, हेही मला म्हणायचं आहे. त्यांना वास येतो. एकाच्या घामाने ओलं झालेलं जॅकेट तसंच दुसऱ्याच्या अंगावर चढतं, मीठ सुकून कापड खरखरीत होतं, मानेला घासतं. ज्यांना किळस येते त्यांना नाजूक म्हणून हसू नये. जॅकेटं गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळत घालायला पाहिजेत, उन्हात पडून राहिली तर कापड विरतं आणि रंग उडतो. त्यांच्यावर बसायचं तर मुळीच नाही. बाक कडक लागतो म्हणून कितीतरी लोक जॅकेट खाली घेऊन बसतात, मग आतला फोम चेपतो, आणि चेपलेला फोम पूर्वीइतकं पेलत नाही. धक्क्यावर जॅकेट हातात आलं की मी आता आधी ते दाबून बघते, शिवण बघते, तिन्ही कड्या लावून ओढून बघते. वाईट असेल तर बदलून मागते. द्यावं लागतं त्यांना.

बायकांबद्दल तर कोणी बोलतच नाही. बहुतेक जॅकेटं पुरुषाच्या सपाट छातीच्या मापाची. ती घट्ट केली की दाबतात, सैल ठेवली की वर सरकतात. पट्टा मागून ओढून द्यायला येणारा मुलगा अनोळखी असतो. तो बिचारा हात आखडता घेऊन विचारतो, ताई, घट्ट करू का? आणि आपण नको म्हणतो, आहे घट्ट, असं म्हणतो. किती जणींचे पट्टे केवळ या संकोचापायी सैल राहिले असतील. आता मी धक्क्यावर शेजारच्या बाईला सरळ सांगते, या, मी बांधते तुमचं, तुम्ही माझं बांधा. कोणी नाही म्हटलेलं आठवत नाही. उलट हसायला येतं दोघींना, ओळख होते.

मुलांचं माप हा वेगळा विषय आहे आणि त्यात मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही. पोराला मोठ्यांचं जॅकेट घालणं म्हणजे न घालणंच. मापाचं जॅकेट वयावर नसतं, वजनावर असतं, आत लिहिलेलं असतं. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड, म्हणून त्यांच्या जॅकेटला मानेमागे मोठी कॉलर लागते आणि दोन पायांमधून जाणारा एक पट्टा लागतो, म्हणजे ते वर सरकत नाही. सगळं बांधून झालं की खांद्यांवरच्या पट्ट्यांना धरून पोराला उचलून बघायचं. हनुवटी आणि कान आत गेले तर जॅकेट मोठं आहे. माझ्या भाचीला मी असं उचललं तेव्हा तिला तो खेळ वाटला आणि पुन्हा पुन्हा उचल म्हणाली. जॅकेटला लावलेली शिट्टीही तिने वाजवून घेतली. ती शिट्टी कशासाठी असते हे मी तिला सांगितलं, सगळं सांगितलं, मुलांना खरं कारण कळतं. मग ती बोटीत प्रत्येकाला विचारत फिरली, तुमची शिट्टी कुठे आहे?

ठाण्या-नव्या मुंबईत हे पाण्यावर जाणं आता वाढतच जाणार आहे. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, दर हिवाळ्यात बघायला येणाऱ्यांची गर्दी असते. बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली तीही 2022 सालीच. मला याचा आनंद आहे. इतकी वर्षं आपण पुलांवरून खाडी ओलांडताना नाकाला रुमाल लावला, आता निदान तिच्याकडे तोंड करून बसतो. लोकांनी पाण्यावर जावं, खूप जावं, पोरांना न्यावं. फक्त काकांसारख्या माणसाला पट्टा लावायला सांगताना त्याच्या पोहण्यावर शंका नाही हे त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे, आणि तरीही इंजिन बंदच राहिलं पाहिजे. हे दोन्ही एकत्र जमवणारा तो नाखवा मला फार मोठा माणूस वाटतो.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. व्हिटबीचं सांगितलं, सावरीच्या कापसाचं सांगितलं. ते त्यांना आवडलं, आजोळच्या झाडाची आठवण काढली. पण जॅकेटचं म्हटल्यावर गप्प झाले, मग म्हणाले, तुम्ही जा, मी धक्क्यावर बसेन. मी हट्ट केलेला नाही अजून. येत्या जानेवारीत सोसायटीची सहल ठरते आहे, तोवर वेळ आहे.

ग्रुपवर मी आत्ताच लिहून टाकलंय की प्रत्येकाचं वजन कळवा, मुलांची मापं आधी सांगून ठेवायची आहेत, आणि बोटीत पट्टा सोडलेला चालणार नाही. कोणी अंगठा दाखवला, कोणी काहीच नाही. रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्या आयुष्यात बोटीत बसलेल्या नाहीत. त्यांनी बराच वेळ इकडचं तिकडचं विचारून शेवटी खरा प्रश्न विचारला, "अगं, साडीवर बसतं का ते?" बसतं काकू. पदर आधी पुढे ओढून कमरेला घट्ट खोचायचा, पिना काढून ठेवायच्या, मंगळसूत्र आत घ्यायचं. निऱ्या नेहमीपेक्षा वर, घोट्याच्या वर. मग जॅकेट, आणि पट्टे पदराच्या वरून. मी बांधीन तुमचे.